शनिवार-रविवारच्या जेवणासाठी मुलाचे नाव रेशनकार्डावर हवे: गोव्यातील पालकांसाठी माहिती

मी शाळेच्या पालक-शिक्षक संघात काम करते. तिसरीतली एक मुलगी दर शनिवारी माध्यान्ह आहारातला अर्धा पाव डब्यात ठेवून घरी न्यायची. बाईंनी विचारले तर म्हणाली, "भावाला. उद्या शाळा नाही ना." वडील बांधकामावर, कुटुंब विजापूरकडचे. चौकशी केली तेव्हा कळले की रेशनकार्ड आहे, पण गावचे, आणि धाकट्याचे नाव त्यावर चढवलेलेच नाही. म्हणजे अडले होते ते कागदावर. तुमच्या वाड्यावर असे घर असेल तर पुढचे जरूर वाचून दाखवा.

शाळेतला आहार कधी मिळतो

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी मोफत आहार मिळतो. त्यासाठी अर्ज नाही, उत्पन्नाची अट नाही. पटावर नाव असले की पुरे. सुट्टीच्या दिवशी मात्र हा हक्क नाही. शनिवारी वर्ग भरत असतील तर तो शाळेचाच दिवस, अर्धा का असेना, आणि त्या दिवशीही आहार मिळायलाच हवा. धान्य संपले, गॅस नव्हता, स्वयंपाक करणारी आली नाही, अशा कारणाने आहार चुकला तर माध्यान्ह आहाराच्या २०१५ च्या नियमांनुसार त्या दिवसाचे धान्य व शिजवण्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. हे फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी मागा.

सुट्टीच्या दिवसांचे धान्य रेशनकार्डातून

कार्ड प्राधान्य गटाचे (अन्न सुरक्षा कायद्यात बसणाऱ्या गरजू कुटुंबांचे) असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय (अतिगरीब कुटुंबांचे) असेल तर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. शाळेत प्राथमिकच्या मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरलेले असते. प्राधान्य कार्डावर मुलाचे नाव नसेल तर हे ५ किलो दर महिन्याला बुडतात, आणि आईबापाच्या वाट्यातून त्याचे पोट भरावे लागते. नववी-दहावीच्या मुलांना तर या कायद्याखालचा शाळेतला आहारही नसतो. त्यांचे नाव आधी पाहा. कार्ड हातात आहे म्हणजे धान्य मिळणारच असे नाही, त्यावर योजना कोणती लिहिली आहे ते वाचा. प्राधान्य गटात नसाल आणि घरची मिळकत तुटपुंजी असेल तर त्या गटात घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

अर्ज कुठे, कागद कोणते

तालुक्याच्या मामलेदार कार्यालयातल्या नागरी पुरवठा विभागात. नाव चढवण्यासाठी सहसा मूळ कार्ड, मुलाचा जन्मदाखला, मुलाचे आणि आईवडिलांचे आधार लागते. नाव आधी दुसऱ्या कार्डावर असेल, उदाहरणार्थ आजोबांच्या, तर तिथून कमी केल्याचा दाखला आधी घ्या. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नवे कार्ड किंवा गटबदल हवा असेल तर सगळ्यांचे आधार, घराचा पुरावा (वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाड्याचा करार) आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. कायद्याने अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, त्यामुळे अर्ज आईच्या नावाने गेला तर बिचकू नका.

खरा घोळ जन्मदाखल्यात होतो. आमच्या त्या धाकट्याच्या दाखल्यावर आईचे नाव, तारीख, इस्पितळ, सगळे होते. बाळाच्या नावाची जागा मात्र कोरी. बारशाआधी नोंद झाली आणि नंतर कोणी फिरकले नाही. जिथे जन्माची नोंद झाली तिथल्याच जन्म-मृत्यू निबंधकाकडे हे नाव लिहून घ्यावे लागते. नोंदणीपासून बारा महिन्यांत फुकट होते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. मूल पाच वर्षांचे झाले की आधारमध्ये बोटांचे ठसे द्यायचे असतात. तेही राहून जाते आणि मग रेशनकार्डाची केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, अडते.

कार्ड बाहेरगावचे असेल तर

ते रद्द करून इथे नवे काढण्याची घाई नको. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत, म्हणजे गावच्या कार्डावर दुसऱ्या राज्यातही धान्य घेता येते त्या योजनेत, गोवा १ जानेवारी २०२० पासून आहे. कार्ड अन्न सुरक्षा कायद्याखालचे आणि आधारला जोडलेले असेल तर इथल्या रेशन दुकानात नंबर सांगून अंगठा द्या. सगळे धान्य एकदम उचलण्याची सक्ती नाही: गावी सासूबाई त्यांचा वाटा घेतील, तुम्ही इथे तुमचा घ्या. फक्त फोनवर आधी बोलून घ्या, नाहीतर गावी पूर्ण कोटा उचलला गेला की इथे मशीन शून्य दाखवते. त्या कुटुंबाचे नेमके तेच झाले होते.

घरात सहा वर्षांखालचे मूल असेल तर

अंगणवाडीत नोंद करा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला, गरोदर आणि स्तनदा आईला घरी नेण्याचा शिधा मिळतो. मुलाचे आधार अजून नसेल तर आईचे चालते.

शाळा काय करू शकते

शाळेतला आहार ज्या योजनेतून येतो त्या पीएम पोषण योजनेत तिथिभोजनाची सोय आहे: वाढदिवस, सण अशा निमित्ताने गावकरी मुलांना जास्तीचे जेवण किंवा पदार्थ देऊ शकतात. नेहमीच्या आहाराऐवजी नव्हे, त्याला जोडून. शनिवार-रविवारसाठी सुका शिधा द्यायचा असेल तर पालक-शिक्षक संघात ठराव करा आणि मुख्याध्यापकांना विश्वासात घ्या. पिशवी वर्गासमोर कधीही देऊ नका. आम्ही ती शाळा सुटताना ऑफिसमधून आईच्या हातात देतो. कुणाला, हे फक्त देणारीला आणि घेणारीला माहीत असते.

दाद कुठे मागायची

रेशन दुकानदार नाही म्हणाला किंवा अर्ज पडून राहिला तर १९६७ या क्रमांकावर फोन करा. बाहेरगावच्या कार्डासाठी १४४४५. त्यावर भागले नाही तर कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे लेखी तक्रार द्या, आणि त्यापुढे राज्य अन्न आयोग आहे. आधार नाही एवढ्यावरून कार्डावरचे नाव कापू नये किंवा धान्य नाकारू नये, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. तक्रारीत हे लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या आणि ती प्रत कार्डासोबतच ठेवा.