स्वादुपिंडपेशींवरील शर्करा : डुक्कर आणि माणूस

डुकराच्या आणि माणसाच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर शर्करारेणूंच्या साखळ्या (ग्लायकन) असतात. डुकराच्या पेशी मधुमेही माणसात रोपल्या, तर यांतल्या कोणत्या साखळ्या शरीराला परक्या वाटतील हे शोधण्यासाठी दोन्हींची तुलना करतात.

विदर्भाच्या खेड्यांत ‘शुगर’ हे आजाराचेच नाव आहे. ‘बुढ्याले शुगर हाय’ म्हणजे त्याच्या रक्तात ग्लुकोज वाढले आहे. या नोंदीतली साखर ती नव्हे. ही पेशीवरच्या प्रथिनांना आणि मेदांना चिकटलेली असते. गूळ खाल्ल्याने ती वाढत नाही आणि गोळीने उतरत नाही.

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःच्याच बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी, मारते आणि इन्सुलिन जन्मभर टोचावे लागते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास असतो, वीज जाते, अनेकांकडे फ्रिज नसतो. मग बाटली माठात ठेवतात. बाटलीऐवजी पेशीच शरीरात बसवण्याचे आकर्षण इथे सहज कळते. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे ७ रुग्णांवर ते करून दाखवले गेले. पण त्या पेशी मृत माणसाच्या स्वादुपिंडातून मिळतात आणि एका रुग्णाला बहुधा एकाहून अधिक दाते लागतात. म्हणून डुक्कर.

डुकराचे इन्सुलिन माणसाला नवे नाही. त्यात आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे, आणि या प्रथिनाला शर्करासाखळी नसते. म्हणून कित्येक दशके ते टोचले गेले आणि चालले. तेच इन्सुलिन तयार करणारी पेशी मात्र अंगावर साखळ्या घेऊन येते, आणि सगळे अडते ते तिथेच.

एका शर्करेने काय बिघडते ते मराठी वाचकाला रक्तगटांवरून ठाऊक असावे. ‘ए’ आणि ‘बी’ गटांत फरक साखळीच्या टोकाच्या शर्करेचा. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात त्याआधीची फ्यूकोज ही शर्कराच नसते, त्यामुळे अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तही घातक ठरते.

डुकराच्या बाबतीत मुख्य साखळ्या तीन. पहिली अल्फा-गॅल : टोकाला विशिष्ट रीतीने जोडलेल्या दोन गॅलॅक्टोज, जणू फ्यूकोज गळालेली ‘बी’ गटाची साखळी. ती घडवणारे जनुक माणसात निकामी आहे. आतड्यातल्या जंतूंवर तसलीच शर्करा असल्यामुळे लहानपणापासून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या गोष्टींना चिकटणारी रक्तातली प्रथिने) तयार होतात. एकूण प्रतिपिंडांपैकी ती सुमारे १ टक्का भरतात. दुसरी एनजीसी नावाचे सायलिक आम्ल, म्हणजे साखळीच्या टोकाला बसणारी एक आम्लधर्मी शर्करा. माणसाच्या सायलिक आम्लापेक्षा त्यात ऑक्सिजनचा एकच अणू जास्त! तिसरी ‘एसडी-ए’ या माणसातल्या एका रक्तगटाच्या साखळीसारखी.

स्वादुपिंडाची गंमत अशी की प्रौढ डुकराच्या बीटा पेशींवर अल्फा-गॅल फार थोडे असते. ते मुख्यतः पेशीपुंजांतल्या (बीटा पेशी ज्या झुबक्यांत असतात त्यांतल्या) रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर सापडते. नवजात पिलाच्या आणि गर्भाच्या पेशींवर ते भरपूर असते. म्हणजे पेशींचे वय कोणते यावर तुलनेचे उत्तर बदलते. स्वीडनमध्ये गर्भावस्थेतील डुकरांच्या पेशी १० रुग्णांना दिल्या, त्याचा अहवाल १९९४ साली आला. चौघांच्या लघवीत डुकराचा सी-पेप्टाइड (इन्सुलिन तयार होताना सुटणारा तुकडा) काही महिने मिळत राहिला, म्हणजे पेशी जगल्या होत्या. मात्र इन्सुलिनची गरज घटली नाही आणि अल्फा-गॅलविरुद्ध प्रतिपिंडे वाढली.

तुलनेची जुनी साधने म्हणजे लेक्टिने, ठरावीक शर्करेलाच चिकटणारी वनस्पतींतली प्रथिने. आपल्या कुळथातले लेक्टिन रक्तपेढ्यांत ‘ए१’ गट ओळखायला वापरतात; तेच डुकराच्या पेशींवरची तिसरी साखळीही दाखवते. मास स्पेक्ट्रोमीटर याहून बारीक काम करतो : एन्झाइमने साखळ्या कापून काढायच्या आणि वजने मोजायची. एनजीसी माणसाच्या सायलिक आम्लापेक्षा नेमके १६ एककांनी, म्हणजे ऑक्सिजनच्या एका अणूच्या वजनाने, जड भरते.

इथे एक फसगत आहे. बकरा, गाय, डुक्कर यांच्या मांसात आणि गायीच्या दुधात एनजीसी असते, कोंबडीत नसते. खाल्लेल्यातले थोडे माणसाच्या पेशींत जाऊन बसते. तेव्हा सावजी मटण आवडीने खाणाऱ्या दात्याच्या ऊतीत ते अंशमात्र दिसले, तर ते शरीराने घडवले असे समजू नये.

आता तिन्ही साखळ्यांची जनुके बंद केलेली डुकरे तयार झाली आहेत आणि पुष्कळ माणसांच्या रक्तात त्यांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे फार कमी किंवा जवळजवळ नसतात. चाचणी मात्र आधी माकडांवर होते, आणि प्रयोगातल्या माकडांच्या शरीरात स्वतःचे एनजीसी असते. ते काढून टाकलेली डुकराची पेशी त्यांना उलट नव्याने परकी वाटते. दुसरा मार्ग पेशी समुद्री शेवाळापासून केलेल्या अल्जिनेटच्या आवरणात झाकण्याचा. न्यूझीलंडमध्ये नवजात डुकरांच्या पेशींवर तो आजमावला गेला.

साखळ्यांवर सगळा दोष घालणे मात्र चूक. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत पेशीपुंज सोडताच रक्त गोठू लागते, आणि ते माणसाच्या पेशींनीही होते. टी-पेशींचा, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, विरोध वेगळाच. त्यासाठी रोगप्रतिकार दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात, रक्तातले त्यांचे प्रमाण पुन्हा पुन्हा तपासावे लागते. भामरागड-एटापल्लीच्या रुग्णाला ती तपासणी गावात मिळत नाही.