धान्याचा उकळता थर: फ्लुइडाइज्ड बेड ड्रायर कुठून आला?

सोयाबीन काढणीला यावं आणि परतीच्या पावसानं गाठावं, हे मराठवाडा-विदर्भाला नवं नाही. बाजार समितीत मूठभर दाणे मीटरमध्ये पडतात आणि व्यापारी ‘हवा’ सांगतो. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची मर्यादा. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारला ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. खळ्यावर ऊनच नसेल तर माल वाळवायचा कशावर? या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे फ्लुइडाइज्ड बेड ड्रायर. मात्र हे तंत्र मुळात धान्यासाठी जन्मलेलं नाही.

जाळीवर दाण्यांचा थर ठेवायचा आणि खालून गरम हवा सोडायची. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर वर जाणारी हवा थराचं सगळं वजन पेलते. दाणे एकमेकांपासून सुटतात आणि आधणातल्या तांदळासारखा थर रटरटू लागतो. प्रत्येक दाण्याला सगळ्या अंगांनी हवा लागते. एक बाजू करपली आणि दुसरी ओली राहिली, असं होत नाही.

ही करामत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली ती कोळशासाठी. जर्मनीच्या फ्रिट्झ विंकलर यांनी १९२२ मध्ये पेटंट घेतलं आणि १९२६ पासून लॉइना इथे लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशापासून वायू बनू लागला. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या बॅटन रूजला पेट्रोलसाठी याच तत्त्वावरचा कारखाना सुरू झाला. वाळवण्यासाठीची यंत्रं १९४८ च्या सुमारास आली.

कोळशाचा चुरा आणि गव्हाचा दाणा यांत फरक आहे, आणि सगळी अडचण तिथेच होती. ओटावात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत गहू अशा थरात वाळवायचे प्रयत्न झाले, तेव्हा थर नीट उकळेना. जाड दाण्यांत हवेचे मोठाले फुगे धरत, सगळा थर उचलला जाई आणि आदळे. मग किशन माथूर आणि पी. ई. गिशलर यांनी सगळीकडून हवा सोडण्याऐवजी तळाशी मधोमध एकच भोक ठेवलं. दाणे मधून कारंज्यासारखे उसळत, कडेनं हळूहळू खाली उतरत. १९५५ मध्ये त्यांचा निबंध आला आणि ‘स्पाउटेड बेड’ ही वेगळी शाखा सुरू झाली. गव्हानं नकार दिला नसता तर ती सुचली असती असं मला वाटत नाही. असे जाड कण वेगळे का वागतात, याची सुटसुटीत वर्गवारी संशोधक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये मांडली. त्यांचा शेवटचा ‘डी’ गट म्हणजे आपली धान्यं-कडधान्यं.

वाळवण हा स्वतंत्र अभ्यासविषय व्हायलाही वेळ लागला. त्यात मुंबईचा वाटा आहे: माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, १९६५ मध्ये पदवी घेतलेल्या अरुण मुजुमदार यांनी १९७८ मध्ये माँट्रियलला आंतरराष्ट्रीय वाळवण परिषदेची सुरुवात केली.

धान्यापुरती खरी कलाटणी मिळाली ती थायलंडमध्ये. पाटाच्या पाण्यावरचं दुसरं भातपीक तिथे पावसात कापणीला येतं आणि साळीत २८-३० टक्के ओलावा असतो. तसाच ढीग राहिला तर तो आतून तापतो आणि तांदूळ पिवळा पडतो. बँकॉकच्या किंग मोंगकुट थोनबुरी विद्यापीठात सोमचार्त सोपोनरोन्नारित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर काम केलं. त्यांनी ठरवलं की हे यंत्र साळ पूर्ण वाळवणार नाहीच. साधारण १०० ते १५० अंशांच्या हवेत साळ दोन-तीन मिनिटंच ठेवायची, ओलावा १८-१९ टक्क्यांवर आला की बाहेर काढायची, अर्धा तास मुरू द्यायची आणि उरलेलं काम साध्या हवेवर सोडायचं. त्यापुढे रेटलं तर दाण्याला तडे जातात आणि गिरणीत कणी पडते. शिवाय दाण्याच्या पोटातलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून बरीचशी गरम हवा न वापरताच निघून जाते. त्यांनी तिचा मोठा भाग पुन्हा आत फिरवून इंधन वाचवलं. ओल्या साळीला इतकी धग लागली की आतला स्टार्च थोडा शिजतो, उकड्या तांदळासारखा, आणि अख्ख्या तांदळाचा उतारा उलट वाढतो. उष्णतेनं दाणा फुटेल ही भीती सार्थच होती, पण ओलावा आणि वेळ सांभाळले तर तीच उष्णता दाणा सांधते, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कडधान्यांना मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. सोयाबीनचं साल पातळ. तापलेली कोरडी हवा लागली की ते तडकतं. तेलासाठी किंवा पेंडीसाठीच्या मालाला तीव्र उष्णता चालते, पचनात अडथळा आणणारे घटकही तिनं निष्क्रिय होतात. पण पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला ४० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, नाहीतर उगवण जाते. त्यामुळे ड्रायर घेणाऱ्या शेतकरी गटानं पहिली चौकशी यंत्राच्या ताशी क्षमतेची करण्याआधी माल तेलाला जाणार की बियाण्याला, हे ठरवावं.