थंड उजेड, उकळता फवारा

'काजव्याचा दिवा १०० टक्के कार्यक्षम!' हे वाक्य अजूनही फिरत असतं. हा दिवा थंड असतो हे खरं. ल्युसिफेरेज नावाच्या एन्झाइमच्या (क्रियेला वेग देणाऱ्या प्रथिनाच्या) मदतीने ल्युसिफेरिन या रसायनाची ऑक्सिजनशी क्रिया, म्हणजे ऑक्सिडेशन, होते आणि ऊर्जा उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. पण २००८ साली जपानी संशोधकांनी नेमकं मोजमाप केलं, तेव्हा ल्युसिफेरिनच्या १०० रेणूंमागे प्रकाशकण निघाले सुमारे ४१. तेही कौतुकाचंच आहे. फुगवून सांगायची गरज नाही.

काजवा हा भुंगेऱ्यांच्याच गणातला. भुंगेऱ्यांच्या जवळपास ४ लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतला माझा लाडका मात्र दुसराच आहे: बॉम्बार्डियर भुंगेरा. ऑक्सिडेशन तोही करतो, पण ते भलत्याच कामासाठी.

त्याच्या पोटात शेवटाकडे जोडखोल्या असतात. आतल्या पिशवीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र साठवलेले असतात. बाहेरची खोली जाड भिंतींची, आणि एन्झाइम फक्त तिथे. धोका जाणवला की पिशवी आवळली जाते, झडप उघडते, थेंबभर द्रव बाहेरच्या खोलीत येतो. तिथलं कॅटालेज हे एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइम हायड्रोक्विनोनचं बेंझोक्विनोन करतं. तापमान १०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, वाफ होते, दाब चढतो. तो दाबच झडप बंद करतो! फवारा उडाला की दाब उतरतो, झडप पुन्हा उघडते, नवा थेंब आत येतो. हे चक्र सेकंदाला सुमारे ५०० वेळा चालतं. त्यासाठी दर वेळी वेगळा स्नायू हलवावा लागत नाही, हे २०१५ साली अतिवेगवान क्ष-किरण चित्रणातून दिसलं. शिवाय दोन स्फोटांच्या मध्ये येणारा गार द्रव खोलीला थोडं निववतो.

उत्क्रांती न मानणारे या भुंगेऱ्याचा दाखला हमखास देतात: 'ही दोन रसायनं एकत्र आली की स्फोट होतो, मग अर्धवट बनलेला भुंगेरा जगला असता कसा?' नुसतं एकत्र येऊन स्फोट होतच नाही. एन्झाइमशिवाय हे मिश्रण बराच वेळ नुसतं पडून राहतं. बेंझोक्विनोन ज्यांतलं एक, ती क्विनोन रसायनं तर कीटकांना कवच कडक करण्यासाठी एरवीही लागतातच.

२०१८ साली जपानमध्ये असे भुंगेरे भेकांना (टोडना) खाऊ घातले. गिळल्यावर पोटातून स्फोटाचा आवाज ऐकू आला. ४३ टक्के भेकांनी भुंगेरा ओकून टाकला, काहींनी तर तासाभरानंतर. आणि ओकलेले सगळे भुंगेरे जिवंत होते.