लेद्नित्से: जुन्या वेशातला नवा राजवाडा

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, मोराविया प्रांतात, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत लेद्नित्से नावाचं छोटं गाव आहे. तिथला राजवाडा टोकदार कमानी, निमुळते मनोरे आणि दातेरी कठडे अशा थाटात उभा आहे. पाहणाऱ्याला वाटावं, सरदार चिलखत घालून फिरत होते त्या काळातलाच हा. प्रत्यक्षात हे रूप १८४६ ते १८५८ या काळातलं. शेजारच्या ब्रेत्स्लावला १८३९ मध्येच आगगाडी पोचली होती! वाड्याचं मालक असलेल्या लिख्टेनश्टाइन घराण्याच्या राजपुत्राला इंग्लंडच्या ट्यूडर गॉथिक या जुन्या बांधकामशैलीची भुरळ पडली आणि जुन्या वास्तूवर हा साज चढला. वास्तुविशारद गेओर्ग विंगेलम्युलर १८४८ मध्ये वारला, मग योहान हाइड्रिखने काम तडीस नेलं.

गंमत अशी की, वाड्याला चिकटून असलेलं काचघर या 'मध्ययुगीन' वाड्याच्या आधीचं आहे. पेटर ह्यूबर्ट देविन्यचं हे काम १८४३ ते १८४५ दरम्यान झालं. लांबी सुमारे ९२ मीटर, रुंदी १३ आणि उंची १० मीटर. लंडनचा क्रिस्टल पॅलेस हा काच-लोखंडाचा प्रसिद्ध महाल उभा राहायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. आत उष्ण प्रदेशातली झाडं आहेत आणि छत पेलणारे ओतीव लोखंडाचे खांब बांबूच्या आकाराचे केले आहेत. ही नुसती हौस नव्हे. लोखंड वजन पेलायला लाकडापेक्षा बळकट, म्हणून खांब आणि पट्ट्या बारीक ठेवता येतात. पट्टी जितकी बारीक, तितकी आत सावली कमी आणि झाडांना ऊन जास्त. मोरावियाच्या हिवाळ्यात हा फरक झाडाच्या जिवावर बेततो.

पण मला विचाराल तर लेद्नित्सेचं खरं आश्चर्य वाड्याबाहेर आहे. दिये नदी इथे वारंवार पूर आणायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळं खोदून, त्यात बेटं राखून, निघालेल्या मातीने उद्यानाची जमीन उंच केली गेली. आज पाणपक्ष्यांनी गजबजलेलं ते तळं निसर्गाची देणगी वाटतं, पण ते मजुरांनी फावड्याने घडवलं आहे. उत्तर अमेरिकेतून मागवलेल्या झाडांचं बीही याच काळात इथे रुजलं.

तळ्यापलीकडे चक्क एक मिनार आहे! वास्तुविशारद योझेफ हार्टमुथने १७९७ ते १८०४ मध्ये बांधलेला, साधारण ६० मीटर उंच, ३०२ पायऱ्यांचा. जमीन दलदलीची, म्हणून पायाखाली लाकडी खुंट ठोकावे लागले. लाकूड पाण्यात कुजत कसं नाही? कुजवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो आणि पाण्याने भिजलेल्या चिखलात तो जवळजवळ नसतो. खुंट कायम पाण्याखाली राहिले, तर शतकानुशतकं टिकतात. पाण्याची पातळी खाली गेली, तर मात्र कुजायला लागतात.

याच हार्टमुथची दुसरी ओळख पेन्सिलीची. ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मिसळून भट्टीत भाजायची त्याची पद्धत आजही चालते: माती जास्त तर शिसं कडक, कमी तर मऊ. पुढे त्याच्या वारसांनी आपल्या पेन्सिलीला आपल्या कोहिनूर हिऱ्याचं नाव दिलं.

१९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने ही मालमत्ता ताब्यात घेतली. शेजारचं व्हाल्टित्से गाव आणि लेद्नित्से मिळून जो परिसर १९९६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८३ चौरस किलोमीटर आहे. याच घराण्याचं राज्य असलेला लिख्टेनश्टाइन हा देश अवघा १६० चौरस किलोमीटरचा. या घराण्याचं वजन केवढं होतं, ते यावरून कळावं. विज्ञानातही त्यांनी हात सैल सोडला होता. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांवर वनस्पतींच्या जाती सुधारण्यासाठी १९१२ मध्ये इथे 'मेंडेलेउम' संस्था निघाली, ती राजपुत्र योहान दुसरा याच्या आश्रयाने आणि एरिक फॉन चेरमाक या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या बाजूला नोव्हे म्लिनी इथे मोठे जलाशय झाले आणि दियेचा पूर थांबला. गाव सुटलं, पण पुरावर जगणारी ओकची रानं तहानली. तिथल्या जुन्या, पोखरलेल्या ओकमध्ये ओकच्या लाकडावर वाढणारा दुर्मीळ लांबशिंगी भुंगेरा राहतो. माळ्याच्या लेखी असं झाड तोडायच्या यादीतलं, कीटकतज्ज्ञाच्या लेखी जपायच्या. आता या खोऱ्यातल्या काही जंगलांमध्ये कालवे आणि पाणी अडवायचे दरवाजे वापरून मुद्दाम पाणी सोडलं जातं.