मेताउरोचं खोरं आणि सान बार्तोलोच्या टेकड्या: इटलीतल्या शांत रस्त्यांवरून सायकलने

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इटलीत सायकल चालवायची म्हटलं की बहुतेकांना तोस्काना आठवतं, नाहीतर डोलोमाइटचे घाट. आमची सहल पूर्व किनाऱ्यावरच्या मार्के प्रांतात असते, आणि तिथले काही रस्ते खरोखर शांत आहेत हेच त्याचं कारण आहे. सगळे मात्र नाहीत. कुठला रस्ता शांत, कुठला नाही आणि का, हे पैसे भरण्याआधी तुम्हाला कळायला हवं. म्हणून हे पत्रक थोडं सविस्तर लिहिलं आहे.

भूगोल आधी

पश्चिमेला अपेनाइन पर्वत, पूर्वेला एड्रियाटिक समुद्र. मधल्या टेकड्यांतून फोल्या, मेताउरो, चेझानो, मिझा, एझिनो या नद्या एकमेकींना जवळपास समांतर समुद्राकडे जातात. कोकणात किनाऱ्याच्या रस्त्याने सायकल चालवली असेल तर ही रचना तुमच्या ओळखीची आहे. नदीच्या काठाने आत जाणं सोपं, पण एक नदी सोडून पुढची गाठायची तर मधला डोंगर चढून उतरावा लागतो. जुनी गावं बहुतेक या मधल्या डोंगरधारांवर, तटबंदीच्या आत वसलेली आहेत. त्यामुळे खोऱ्याच्या तळाशी एक रस्ता आणि वर धारेवरून गावांना जोडणारा दुसरा, अशी सोय जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात आहे.

गाड्यांची वर्दळ याच रचनेप्रमाणे वाटली गेली आहे. किनाऱ्याला समांतर ए-१४ हा टोल महामार्ग जातो. त्याच्याजवळून एसएस-१६ हा जुना राज्यमार्ग जातो आणि त्यावर ट्रक, बस, सुट्टीच्या दिवसांत समुद्रावर निघालेली कुटुंबं असं सगळं असतं. या एसएस-१६ वर सायकलला बंदी नाही, तरी आम्ही शहराबाहेर त्यावर कधीच नेत नाही. फानोहून मेताउरोच्या खोऱ्यात शिरणारा वेगवान रस्ता फक्त मोटारींसाठी आहे. अवजड वाहनं तिकडे गेल्यामुळे वरच्या खोऱ्यातला जुना रस्ता मोकळा झाला. खालच्या खोऱ्यात मात्र तसं झालेलं नाही. लुक्रेत्सिया आणि काल्चिनेल्ली या गावांमधून जाणारा जुना फ्लामिनिया रस्ता नकाशावर सरळ, सपाट आणि मोहात पाडणारा दिसतो, पण दोन्ही बाजूंना गोदामं आणि कारखाने आहेत, दर थोड्या अंतराने वाहतूक वर्तुळ येतं. फोल्याच्या खोऱ्यातही तीच गत: पेझारोचा फर्निचर उद्योग तिथे वसला आहे आणि त्याचे ट्रक दिवसभर फिरतात.

म्हणून आमचा नियम ठरलेला आहे. समुद्राजवळ असताना टेकडीवरून जायचं आणि आत गेल्यावर नदीकाठी उतरायचं. चढ थोडे वाढतात, पण मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकत सपाटीवर चालवण्यापेक्षा तो चढ केव्हाही बरा, असं आमचं ठाम मत आहे.

फुर्लोचा दिवस

सगळ्या सहलीत आमचा सर्वांत आवडता दिवस हाच. फानोहून निघायचं. रोम ते रिमिनी हा फ्लामिनिया मार्ग इ.स.पू. २२० मध्ये गायुस फ्लामिनियुस याने बांधायला घेतला आणि तो फानोलाच समुद्रकिनाऱ्याशी येतो. गावात सम्राट ऑगस्टसची कमान अजून उभी आहे. तिच्याखालून बाहेर पडलं की आम्ही मुख्य रस्ता सोडून डाव्या तीरावरच्या टेकड्यांवर चढतो: कार्तोचेतो, सेर्रुंगारिना, मोन्तेफेल्चिनो. कार्तोचेतोचं ऑलिव्ह तेल इटलीभर नावाजलेलं आहे आणि रस्ता ऑलिव्हच्या बागांमधूनच जातो. पुढे फोस्सोम्ब्रोनेला नदीवर उतरायचं. त्याच्या जरा पुढे, सान लाझ्झारो इथे मेताउरोने पांढऱ्या दगडात खोल, गुळगुळीत रांजणखळगे कोरले आहेत. पुलावरून ते दिसतात. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांनी इथे थांबलंच पाहिजे.

काल्माझ्झोला कांदिल्यानो नदी मेताउरोला मिळते. आपण कांदिल्यानोच्या काठाने फुर्लोच्या घळीत शिरतो. एका बाजूला पिएत्रालाता, दुसऱ्या बाजूला पागानुच्चो हे चुनखडीचे डोंगर, मध्ये धरणामुळे संथ झालेलं हिरवं पाणी आणि कड्याला चिकटून जाणारा अरुंद रस्ता. नवा राजमार्ग डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून निघून गेल्यामुळे हा जुना रस्ता जवळपास रिकामा राहिला आहे. घळीच्या सर्वांत चिंचोळ्या जागी कडा फोडून रस्ता काढायचा आदेश सम्राट व्हेस्पासियनने दिला. सुमारे ३८ मीटर लांबीचा तो बोगदा इ.स. ७६-७७ च्या सुमारास खोदला गेला आणि आजही वापरात आहे. आत शिरताना मान वर करून दगडावर कोरलेला लेख पाहा, छिन्नीचे घाव भिंतींवर अजून दिसतात. जवळपास दोन हजार वर्षं जुन्या बोगद्यातून आपल्या सायकलने जाता येतं, याचं आम्हाला आजही अप्रूप वाटतं. घळीच्या कड्यांवर सोनेरी गरुड घरटी करतात, तेव्हा थोडा वेळ थांबून आकाशाकडेही लक्ष ठेवा.

दरडींच्या भीतीने हा रस्ता अधूनमधून बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी आम्ही चौकशी करतो आणि बंद असेल तर दिवसांची अदलाबदल करतो. तेवढी लवचिकता मनात असू द्या.

घळीपलीकडे आक्वालान्या, म्हणजे भूछत्रांच्या जातीतल्या ट्रफलचं गाव. तिथून फेर्मिन्यानो आणि शेवटी उर्बिनोचा चढ. पायात थकवा असताना हा चढ लांब वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही आम्ही समुद्राकडून उर्बिनोकडे असाच क्रम ठेवतो, कारण उन्हाच्या दिवसांत दुपारी वारा समुद्रावरून आत वाहतो. या दिशेने तो पाठीशी राहतो. उलट दिशेने निघालात तर शेवटचे तास तोंडावर वारा घेत काढावे लागतात. राफाएल या चित्रकाराचा जन्म १४८३ मध्ये उर्बिनोत झाला, आणि १९९८ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. म्हणून तिथे आपण दोन रात्री राहतो.

दुसऱ्या दिवशी ज्यांना जोर आहे त्यांनी वरच्या मेताउरोच्या काठाने उर्बानिया, सांतान्जेलो इन व्हादो, मेर्कातेल्लो असं बोर्गो पाचेपर्यंत जावं. मेता आणि आउरो हे दोन ओढे तिथे एकत्र येतात आणि मेताउरो सुरू होते. त्यापुढचा बोक्का त्राबारिया हा १,०४९ मीटर उंचीचा घाट जंगलातून सलग वळणं घेत चढतो. बाकीच्यांनी उर्बानियापर्यंत जाऊन चिनी मातीच्या रंगीत भांड्यांचे कारखाने पाहावेत आणि सावकाश परतावं.

सान बार्तोलोची धार

उर्बिनोहून आम्ही मोम्बारोच्चोच्या बाजूने, धारेवरूनच पेझारोला उतरतो. एड्रियाटिकचा हा किनारा मैलोन्मैल सपाट आणि वाळूचा आहे. पेझारो आणि गाबिच्चे यांच्यामध्ये मात्र टेकड्या थेट समुद्रात कोसळतात. या टेकड्यांच्या माथ्यावरून वीसेक किलोमीटरचा एक रस्ता जातो. उंची दोनशे मीटरच्या आसपास, पण तो सतत वर-खाली होतो, त्यामुळे अंतर कमी असूनही पाय भरून येतात. वाटेत फियोरेन्झुओला दी फोकारा आणि कास्तेल्दीमेझ्झो ही दोन छोटी तटबंदीची गावं. उजवीकडे खाली समुद्र, डावीकडे शेतं. मे महिन्यात पिवळ्या फुलांच्या झुडपांनी कडे भरलेले असतात.

हा रस्ता शांत हवा असेल तर मधल्या वारी सकाळी लवकरच जायला हवं. रविवारी तो मोटरसायकलवाल्यांचा असतो. जवळच तावुल्लिया हे मोटरसायकल शर्यतींचा विश्वविजेता व्हालेन्तिनो रोस्सी याचं गाव आहे, यावरून या भागातल्या लोकांचं वेड काय आहे ते समजेल. म्हणून सहलीचे वार आम्ही जाणूनबुजून मागेपुढे करतो, तेव्हा विमानाची तिकिटं काढण्याआधी आम्हाला विचारा.

पेझारो शहरात सायकलचे मार्ग भुयारी रेल्वेच्या नकाशासारखे रंग आणि क्रमांक देऊन आखले आहेत. पेझारो ते फानो हा समुद्रालगतचा सायकलमार्ग पूर्ण सपाट आहे. पहिल्याच दिवशी, उजव्या बाजूने चालवायची सवय व्हावी म्हणून आम्ही तुम्हाला इथेच सोडतो.

रस्ते कसे आहेत, खरं सांगायचं तर

गुळगुळीत नाहीत. या टेकड्या चिकणमातीच्या आहेत. पावसात माती सरकते आणि डांबराला भेगा पडतात. ‘स्त्रादा दिस्सेस्ताता’ असा फलक दिसला की पुढे रस्ता खचलेला आहे असं समजा आणि वेग कमी करा. सप्टेंबर २०२२ मधल्या महापुराने मिझाच्या खोऱ्यात आणि कांतियानो परिसरात मोठी जीवितहानी झाली, पूल आणि रस्ते वाहून गेले. त्या भागातून जाताना तिथल्या लोकांशी बोलताना याचं भान ठेवा. टायर किमान २८ मिमी रुंदीचे घ्या, ३० किंवा ३२ अधिक चांगले.

चढ लांब नसतात, पण गावात शिरतानाचे शेवटचे दोनशे मीटर पंधरा टक्क्यांहून तीव्र असू शकतात. पुढे ३४ आणि मागे ३४ दातांचं चक्र असेल तर बहुतेकांना पुरतं. उतरून सायकल ढकलत न्यायला काहीच हरकत नाही. तिथले लोकही तेच करतात.

नियम आणि सुरक्षितता

इटलीत शहराबाहेर सायकलस्वारांनी एकामागोमाग एक चालायचं असतं, शेजारी शेजारी नाही. बोगद्यात, आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत शहराबाहेर, चमकणारं जॅकेट किंवा पट्टे घालणं कायद्याने बंधनकारक आहे. दिवे आणि घंटीही लागते. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, रस्त्याच्या परिस्थितीनुसार शक्य असेल तिथे गाडीवाल्याने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं आहे. हेल्मेट प्रौढांना कायद्याने सक्तीचं नाही, आमच्या सहलीत आहे.

याबाबत आम्ही कडक आहोत, कारण शांत रस्त्यावरही एक गाडी पुरे होते. २०११ च्या जिरोचं, म्हणजे इटलीच्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीचं, विजेतेपद ज्यांच्या नावावर आहे ते मिकेले स्कार्पोनी याच मार्केतल्या फिलोत्त्रानोचे. २२ एप्रिल २०१७ रोजी सकाळी घराजवळच्या चौकात, सराव करताना व्हॅनची धडक बसून ते गेले. त्यांच्या नावाची संस्था आज रस्तासुरक्षेसाठी काम करते. चौक ओळखीचा झाला तरी तिथे वेग कमी करा.

भाड्याच्या सायकलींना तिकडे बहुधा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सायकल ताब्यात घेताना आधी तेच तपासा. उलटी सवय असेल तर दुकानातच बदलून घ्या, घाट उतरताना नको. अडचणीत ११२ हा क्रमांक लावा.

खाणं आणि पाणी

गावच्या चौकात बहुधा पिण्याच्या पाण्याचा नळ असतो. ‘नॉन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. लहान गावांत दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती थेट चारच्या आसपास उघडतात, म्हणून दुपारचं खाणं सकाळीच खिशात हवं.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: उर्बिनोची क्रेश्शा आणि शेजारच्या रोमान्यातली पियादिना या पोळ्या पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात. ‘सेंझा स्त्रुत्तो’, म्हणजे चरबी नको, असं विचारा. तेलात मळलेल्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. पार्मेझान चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ, असतं. तुमचा आहार नोंदणीच्या वेळीच कळवलात तर मुक्कामाच्या जागी आम्ही आधीच बोलून ठेवतो.

कधी, कसं

मे, जून आणि सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये आम्ही सहल नेत नाही: ऊन कडक असतं आणि १५ ऑगस्टच्या आसपास निम्मी इटली समुद्रावर असते. बोलोन्याहून पेझारो आणि फानोला थेट रेल्वे आहे. ज्या प्रादेशिक गाड्यांवर सायकलचं चिन्ह असतं त्यांत वेगळं तिकीट काढून सायकल नेता येते.

नोंदणी करताना तुमची उंची, सध्याच्या सायकलच्या फ्रेमचं माप, आठवड्याला साधारण किती चालवता आणि घाट उतरताना भीती वाटते का, हे आम्हाला लिहून पाठवा. स्वतःचे पेडल आणि सवयीचं सीट सोबत आणलंत तर तिकडच्या सायकलला बसवून देतो.