स्क्रू-बोल्टचे धातू : सायकल आणि छंदाची वाहने

सायकल, जुनी मोटारसायकल किंवा रिमोटवरची छोटी गाडी जोडताना स्क्रू कशाचा घ्यावा, हे ठरवायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात : तो गंजेल का आणि ताण सोसेल का. न गंजणारा स्क्रू बळकटही असतोच असे नाही. पुण्यात नाना पेठेतून ‘सगळे एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) द्या’ म्हणून बोल्ट आणणारे नेमके इथेच चुकतात.

पोलादी बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे उठवलेले असतात. ८.८ म्हणजे ताणशक्ती, अर्थात तुटण्याआधी सोसता येणारा ताण, ८०० मेगापास्कल (ताण मोजायचे एकक). त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा लांबायला लागतो. नेहमीच्या स्टेनलेसला, म्हणजे ए२-७० ला, हीच मर्यादा ४५० आहे. त्यामुळे ब्रेक कॅलिपर आणि हँडलच्या स्टेमला मूळ दर्जाचाच बोल्ट हवा. मडगार्ड, बाटलीचा स्टँड, नंबरप्लेट यांना ए२ उत्तम.

रिमोटच्या गाड्यांत काळे १२.९ स्क्रू, म्हणजे ८.८ पेक्षा बळकट पोलादाचे, चालतात, आणि ते योग्यच आहे. एम३ च्या (३ मिमी व्यासाच्या) स्क्रूच्या चपट्या डोक्याची खाच अवघी २ मिमीची. धातू मऊ असला की अ‍ॅलन की आतल्या आत फिरते आणि खाच गोल होते. मात्र काळेपणा म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर आणि तेल एवढेच. चिखलात खेळवलेली गाडी न पुसता ठेवली तर तांबूस डाग येतात. त्यावर विजेने जस्ताचा मुलामा चढवून घेऊ नये : हायड्रोजन शिरून इतके कठीण पोलाद ठिसूळ होते.

पुण्याच्या पावसात चिखल भरपूर, पण हवेत समुद्राचे मीठ नाही. इथे ए२ पुरते. ताम्हिणी उतरून वरचेवर कोकणात जाणाऱ्यांनी मॉलिब्डेनम असलेले ए४ स्टेनलेस घ्यावे.

खरा त्रास होतो तो अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टेनलेस कोरडाच पिळला की. पाणी आट्यांत मुरते, दोन धातूंत विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. दिवाळीत स्क्रू सोडवायला जावे तर कडेला पांढरी भुकटी दिसते, आणि जोर लावला की फ्रेममधले आटेच स्क्रूबरोबर बाहेर येतात. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) किंवा निदान ग्रीस लावले तर हे टळते. टायटॅनियमलाही ते लागतेच. त्याची घनता घनसेंटिमीटरला ४.४ ग्रॅम, पोलादाची ७.८५, म्हणून वजन कमी करणारे ते निवडतात. ग्रीस लावलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेव्हा कमी करावा.