सापेक्षता (नाती, विज्ञान आणि संस्कृती)

सापेक्षता म्हणजे एखाद्या गोष्टीचं नाव, माप किंवा अर्थ हे ती कोण बघतंय, कुठून बघतंय आणि कशाच्या तुलनेत बघतंय यावर ठरणं. शब्द स + अपेक्षा असा बनलाय, पण ही अपेक्षा 'पोराकडून अपेक्षा' मधली नाही, संस्कृतात अपेक्षा म्हणजे कशाकडे तरी बघून, कशाचा तरी संदर्भ धरून. उलट शब्द निरपेक्ष, तो आपण रोजच्या बोलण्यात मोबदला न मागणारा या अर्थाने वापरतो आणि शास्त्रात मात्र त्याचा अर्थ कुणाच्याही संदर्भाशिवाय जे आहे ते.

"सगळं रिलेटिव असतं रे" म्हणून वाद मिटवायची सवय सगळीकडेच दिसते आणि माझ्या मते या कल्पनेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज तोच आहे. ज्याचं त्याचं खरं, असं सापेक्षता कुठेच म्हणत नाही. ती म्हणते तू कुठे उभा आहेस ते आधी सांग, मग तिथून काय दिसेल ते मला हिशोबाने काढता येईल, आणि सगळ्यांच्या बघण्यात जे बदलत नाही तेही मग सापडेल. खालची बरीच उदाहरणं नाशिकची आहेत कारण हे सगळं इथे रोज डोळ्यासमोर असतं.

नात्यातली सापेक्षता

मराठी माणूस हे शाळेत जायच्या आधीच शिकतो, फक्त त्याला हे नाव माहीत नसतं. एक बाई धरा, सासर पंचवटीत आणि माहेर सिन्नरला. पंचवटीच्या घरात ती कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाची जाऊ, कुणाची काकू. शनिवारी एसटीत बसली आणि सिन्नरला उतरली की तीच लेक, ताई, नणंद आणि आत्या. बाई तीच, साडीसुद्धा तीच, पण हक्क आणि कामं सगळी बदलली, इकडे सगळ्यांचं वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी तिकडे पहिल्या पंगतीला बसते, आणि भावाच्या बाळाचं बारसं असेल तर कानात नाव सांगायचा मान तिचाच, कारण आत्या ती. नुसतं 'आत्या' असं जगात कुणी नसतं, कुणाची तरी आत्या असावं लागतं.

काही नाती दोन्ही बाजूंनी सारखीच असतात: जाऊ, साडू, व्याही, विहीण. बाकीची उलटली की नाव बदलतं, पण मनाला येईल तसं नाही. तो माझा आतेभाऊ असेल तर मी त्याचा मामेभाऊच असणार, दुसरं काही होऊच शकत नाही. चुलत आणि मावस मात्र कुठूनही बघा तेच राहतात. बोलणारा बाई आहे की पुरुष यानेही फरक पडतो, भावाचा मुलगा पुरुषाचा पुतण्या आणि बाईचा भाचा, म्हणजे मांडवात एकाच पोराची ओळख काका 'हा माझा पुतण्या' अशी करून देतो आणि शेजारी उभी आत्या 'हा माझा भाचा' अशी, दोघं सख्खे बहीणभाऊ आणि दोघंही बरोबर.

बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. तिथे मुलाचा मामाच सासरा होतो आणि मुलीची आत्याच सासू, म्हणजे एकाच माणसाकडे जायला दोन वाटा झाल्या आणि हाक कुठल्या वाटेने मारायची हे ज्या त्या घरात ठरतं. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी भारतभरच्या नात्यांच्या शब्दांचा आणि लग्नाच्या रिवाजांचा मोठा अभ्यास केला, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मध्ये येतो: उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न नाहीच, दक्षिणेत मामाची आणि आत्याची दोन्हींची मुलगी चालते, आपल्याकडे मामाची चालते आणि आत्याची सहसा नाही.

वय आणि पिढी ही दोन वेगळी घड्याळं आहेत हेही इथेच कळतं. मोठ्या कुटुंबात आई आणि लग्न झालेली लेक एकाच वर्षी बाळंत व्हायच्या, मग भाच्यापेक्षा मामा लहान. असा सहा महिन्यांनी लहान मामा आमच्याही नात्यात आहे, क्रिकेट बरोबरीने खेळले, पण भाच्याच्या लग्नात मामा म्हणून पागोटं त्यालाच बांधलं.

आता यात न बदलणारं काय? पायऱ्या. मी, माझे वडील, आजोबा, तिथून खाली आत्या आणि तिचा मुलगा, हे मोजणं कुणीही कुठूनही करावं तेवढंच येतं. जनुकांच्या हिशोबानेही चुलत, मावस, आते आणि मामे या चारही भावंडांशी आपला वाटा सरासरी १२.५ टक्केच असतो. शब्द चार आणि आकडा एकच. मला हे फार आवडतं, कारण चार शब्द ठेवणाऱ्या भाषेला जबाबदाऱ्या वेगळ्या दिसत होत्या आणि रक्ताचं माप त्याखाली सारखंच होतं.

गंगेवरची मोजपट्टी

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं याचा आकडा मोबाइलवर येतो, पण घरातली म्हातारी माणसं विचारतात, "दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. रामकुंडाजवळचा हा मारुती जागचा हलत नाही म्हणून तो संदर्भ झाला, आणि कंबर म्हटल्यावर कुठल्या गल्लीत पाणी शिरणार हे त्या भागातल्या माणसाला लगेच कळतं, क्युसेकवरून त्याला ते कळत नाही. पलीकडे हा शब्दही असाच. जुन्या नाशकातल्या माणसाचं पलीकडे म्हणजे पंचवटी आणि पंचवटीतल्याचं पलीकडे म्हणजे जुनं नाशिक, म्हणून भूगोलवाल्यांनी नियम करून ठेवला की नदी वाहते तिकडे तोंड करा आणि मग डावा-उजवा म्हणा, त्या हिशोबाने पंचवटी डाव्या काठावर. मुंबईकराच्या लेखी आपण घाटावरचे, आणि धुळे-जळगावच्या माणसाला नाशिक मुंबईच्या अंगणातलं वाटतं.

विज्ञानातली सापेक्षता

नाशिकरोड स्टेशनवर आपली गाडी उभी असते, शेजारच्या रुळावरची हलते आणि क्षणभर वाटतं आपणच निघालो. खात्री करायला आपण प्लॅटफॉर्मच्या खांबाकडे बघतो. मराठी तर गाडीतल्या माणसाच्याच बाजूने बोलते, "चला उठा, नाशिकरोड आलं", म्हणजे आपण बसलेलो आणि स्टेशन आलं. हाच अनुभव आर्यभटाने नावेवर सांगितलाय, इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी.

गॅलिलिओने १६३२ मध्ये याचा नियम केला. बंद खोलीत, संथ एका वेगाने चाललेल्या जहाजात तुम्ही कुठलाही प्रयोग करा, थेंब पाडा नाहीतर चेंडू फेका, जहाज उभं आहे की चाललंय हे कळणार नाही. गाडी एकसारखी पळत असते तेव्हा चहा कपातच पडतो, तेच हे. अडचण आली ती प्रकाशाची. १८८७ मध्ये मायकल्सन आणि मोर्ली यांनी पृथ्वीच्या वेगाने प्रकाशाच्या वेगात फरक पडतो का ते मोजलं आणि फरक सापडलाच नाही. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने ते सरळ मान्य केलं: प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, सगळ्यांना सारखाच मोजला जाणार. मग दुसरं काहीतरी लवचिक असायला हवं, आणि ते म्हणजे वेळ आणि लांबी. एकाच क्षणी घडलं असं एकाला वाटणाऱ्या दोन घटना दुसऱ्याला मागेपुढे घडलेल्या दिसू शकतात.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे म्यूऑन. अवकाशातून येणारे किरण वातावरणात बऱ्याच उंचीवर आदळले की हे कण तयार होतात आणि त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो, तरी ते मोठ्या संख्येने जमिनीपर्यंत पोचतात. आपण म्हणतो इतक्या वेगामुळे त्याचं घड्याळ मंद चाललं, आणि म्यूऑनबरोबर कुणी प्रवास केला असता तर तो म्हणाला असता घड्याळ ठीकच आहे, वातावरणाचा थरच चपटा झालाय. सांगणं दोन तऱ्हांचं, पण म्यूऑन जमिनीला लागला की नाही यावर दोघांचं एकमत. १९०८ मध्ये मिन्कोव्स्की या गणितज्ञाने वेळ आणि अवकाश एकत्र करून दोन घटनांमधलं असं अंतर मांडलं की जे कुणीही मोजलं तरी बदलत नाही. त्यामुळे 'सापेक्षता' या नावाने लोकांच्या हातात अर्धीच गोष्ट पडते असं मला वाटतं, उरलेली अर्धी न बदलणाऱ्याची आहे. आकड्यांमधलं असंच काहीसं देवळालीत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय कापरेकरांना (१९०५–१९८६) सापडलं होतं: चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, फार तर सात वेळात ६१७४ वर येता. सुरुवात कुठूनही करा.

१९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणही यात आणलं आणि २९ मे १९१९ च्या सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला मोजला गेला. याच सिद्धांतानुसार उंचावरचं घड्याळ जलद चालतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा इथलं घड्याळ वर्षाला साधारण २ मायक्रोसेकंद पुढे जातं. एवढ्याशाने काय होतं असं वाटेल, पण २०१० मध्ये अमेरिकेत फक्त ३३ सेंटीमीटर उंचीचा फरकसुद्धा अणुघड्याळांनी पकडला. जीपीएसचे उपग्रह तर २०,२०० किलोमीटर वर: वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे ४५ पुढे जातात, गोळाबेरीज ३८ पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर चूक दिवसाला १० किलोमीटरच्या आसपास वाढत जाईल आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उभा असलेला माणूस तीन दिवसात नकाशावर त्र्यंबकएवढा लांब जाईल.

सिंहस्थाचा गुरू

नाशिकचा सगळ्यात मोठा उत्सव सापेक्षतेवरच उभा आहे. गुरू सिंह राशीत आला की कुंभमेळा, वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर. मागचा २०१५ चा, आताचा २०२६-२७ चा. पण गुरू सिंहेच्या ताऱ्यांजवळ कधीच जात नाही. मघा नक्षत्राचा मुख्य तारा सुमारे ७९ प्रकाशवर्षांवर आहे आणि गुरूचा प्रकाश आपल्याकडे तासाभराच्या आत येतो. सिंहेत गुरू हे फक्त पृथ्वीवरून बघणाऱ्याचं सत्य आहे, पण कच्चं नाही, कारण पृथ्वीवरच्या सगळ्यांना ते सारखंच दिसतं आणि आधी गणिताने काढता येतं. गुरूची एक फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून बारा. गुरू वक्री झाला म्हणतात तेही तसंच, आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी त्याला मागे टाकते म्हणून तो उलटा जाताना दिसतो, नाशिकरोडच्या त्या शेजारच्या गाडीसारखा.

संस्कृतीतली सापेक्षता

आषाढी पौर्णिमेनंतर त्र्यंबकला उत्तरेचे भाविक श्रावण सुरू झाला म्हणून येतात आणि आपल्याकडे तेव्हा आषाढच असतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचं नाव जुळतं आणि वद्य पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. ब्रह्मगिरीची मोठी फेरी तिसऱ्या श्रावणी सोमवारी असते, तो तिसरा आपल्या श्रावणाचा. आणि जन्माष्टमी? आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस एकच. चंद्र तोच असल्यावर दुसरं काय होणार. रामनवमीला काळारामात दुपारी बाराला जन्म होतो, पण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची असल्यामुळे नाशिकला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण १२:३५ ला.

चव, थंडी, तिखट यांचं तर विचारूच नका, नाशिकची थंडी मुंबईकराला कडाक्याची वाटते आणि त्याहून थंड निफाडचा माणूस त्याच दिवशी एका स्वेटरवर फिरतो.

फ्रान्झ बोआस (१८५८–१९४२) या मानवशास्त्रज्ञाने संस्कृतीच्या अभ्यासात हा विचार पक्का केला. १८८१ ची त्याची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, पाण्याच्या रंगावर, आणि मग तो कॅनडाच्या बर्फातल्या इन्यूट लोकांत राहून आला. दुसऱ्यांच्या रिवाजाला आपल्या पट्टीने मोजू नका, आधी त्यांच्या जागेवरून बघा, हे त्याचं म्हणणं. आपल्याकडे जैनांचा अनेकांतवाद त्याच्या कितीतरी आधी आहे, प्रत्येक विधानाआधी 'स्यात्' म्हणजे एका बाजूने पाहता असं धरून चालणारा, आणि म्हसरूळचं गजपंथ हे जैनांचं तीर्थ तर शहरातच आहे.

पण समजून घेणं आणि योग्य ठरवणं ही दोन कामं वेगळी आहेत, आणि ते नाशिकइतकं दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, इथली बाजू दादासाहेब गायकवाड सांभाळत होते. आत न घेणाऱ्यांचा मुद्दा एकच, आमची रूढी आहे. आतून बघितलं तर ती त्यांना परंपरा दिसत होती, आणि बंद दरवाज्याबाहेर उन्हात बसलेल्या हजारो माणसांना तीच रूढी काय दिसत होती ते कुणी विचारत नव्हतं. एकाच बाजूने बघून तिला संस्कृती म्हणायचं हे सापेक्षतेत बसत नाही. देवळाचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडले नाहीत. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.